दोन सारख्या रेघा

सत्तावीस वर्षं मी फळ्यावर एक रेघ काढत आले. डावीकडे वरून निघायची, आरंभबिंदूकडे पोट काढून खाली उतरायची आणि उजवीकडे आडवी होत जायची. बारावीच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात तिला समवृत्ती वक्र म्हणतात. मी मुलांना सम-समाधानाची रेघ सांगते. समजा तुमच्यापुढे चहा आणि भडंग आहे. दोन कप चहा नि एक मूठ भडंग घेतलं काय, किंवा एक कप चहा नि तीन मुठी भडंग घेतलं काय, तुम्हाला दोन्ही सारखंच. म्हणजे एका कपाच्या बदल्यात तुम्ही दोन मुठींवर राजी आहात. असे सारख्या समाधानाचे सगळे बिंदू जोडले की ती रेघ. मग खिशात जेवढे पैसे आहेत त्यात काय काय बसतं, त्याची दुसरी, सरळ रेघ. ती बजेटची. वाकडी रेघ सरळ रेघेला जिथं नुसती टेकते, तिथं शहाण्या माणसाने खरेदी करावी.

अठरा वर्षांपूर्वी, इथं कराडात, इर्शाद मुजावर नावाच्या विद्यार्थ्याने भर वर्गात हात वर केला. "मॅडम, ही रेघ असती कुठं? कुणी बघितलीया का?"

मी त्याला तासभर उभं केलं. कारण उत्तर मला माहीत नव्हतं. जीवशास्त्राच्या बाईंकडे सूक्ष्मदर्शक होता, त्या पेशी दाखवायच्या. माझ्याकडे खडू होता. जी वस्तू कुणी पाहिलेली नाही ती मी शिकवत होते आणि तिच्यावर आठ मार्कांचा प्रश्न विचारत होते.

गेल्या मार्चमध्ये त्याचा फोन आला. "मॅडम, सापडली."

मी पेपर तपासायचे तसेच टाकले आणि रिक्षात बसले.

त्याची प्रयोगशाळा म्हणजे त्याच्या चाचांच्या बॅटरीच्या दुकानावरची खोली. टेबलावर घड्याळाच्या पट्ट्यासारखा एक पट्टा होता आणि काळ्या काचांचा, पण आरपार दिसणारा एक चष्मा. इर्शाद आता पस्तिशीचा, डोक्यावरचे केस विरळ झालेले, पण सांगताना हात तसेच उडत होते.

"माणसाला काय पाहिजे ते विचारून कळत नाही मॅडम. तोंड खोटं बोलतं. पण काहीतरी आवडलं की आपला हात आधी निघतो. मेंदूची आज्ञा नसांतून मनगटापर्यंत येते. मग आपल्याला सभ्यपणा आठवतो आणि हात जागच्या जागी थांबवतो. मधे सेकंदाचा तिसरा हिस्सा जातो. माझा पट्टा ती आज्ञा मधल्यामधे वाचतो. चष्म्यातून मी जोड्या दाखवतो. हे इतकं आणि ते तितकं, का ते इतकं आणि हे तितकं? दहा मिनिटांत अडीचशे जोड्या. जिथं हात दोन्हीकडं सारखाच निघतो, तो तुमचा सम-समाधानाचा बिंदू."

"आणि बिंदू जोडले की?"

"बसा की," तो म्हणाला.

मी बसले. चहाचे कप, भडंगाच्या मुठी, कमी, जास्त, भराभर डोळ्यांपुढून सरकत गेले. इर्शाद समोर स्टुलावर बसून माझ्याकडे बघत होता. दहा मिनिटांनी पडद्यावर एकेक ठिपका उमटू लागला. वरून निघाला, पोट काढलं, आडवा होत गेला. माझी रेघ! हुबेहूब फळ्यावरची. पंचावन्न वर्षांची बाई मी, त्या पोरासमोर ढसाढसा रडले. तोही डोळे पुसत होता.

आता खरं तर इथं थांबायला हवं होतं. पण आनंद झाला की माझ्या जिभेला लगाम राहत नाही, आणि त्याच आठवड्यात आमच्या घरी बस्त्याचा घोळ चालू होता.

माझ्या भावाची, प्रतापदादाची मुलगी ओवी. तिचं विट्याच्या मल्हारशी लग्न ठरलेलं, बारा दिवसांवर आलेलं. हल्ली ड्रोन गच्चीत साडी आणून टाकतो, तरी लग्नाचा बस्ता मात्र अजून दोन्हीकडच्या माणसांनी एका दुकानात, एका गादीवर बसूनच बांधायचा असतो. आणि बस्त्याचा एक अलिखित नियम आहे. मला काय हवं ते कुणी म्हणून सांगायचं नाही. सांगितलं की माणूस हावरा ठरतो. म्हणून सगळे म्हणतात, "तुमच्या मनासारखं घ्या, आम्हाला काहीही चालेल," आणि घरी जाऊन तोंड फुगवतात.

दोनदा असं झालं होतं. दोन दुकानं, दोन दिवस, आणि दोन्ही वेळा गाठोडं न बांधता माणसं उठली. मल्हारचे कपडे वगैरे बाजूला काढून दोन्ही घरांचे मिळून तीन लाख उरत होते. त्यात नवरीचा शालू आणि मुलाकडच्या तीस बायकांना मानाच्या साड्या. मानाची साडी हजाराने भारी केली की शालूतून तीस हजार कापले जायचे. दुसऱ्या वेळी मल्हारच्या आई, सुनंदाताई, जाताना एवढंच म्हणाल्या, "जमत नसंल तर तसं सांगा." दादाला त्या रात्री झोप लागली नाही. ओवी मला म्हणाली, "आत्या, मला साडी नकोच. मला मल्हार पाहिजे. पण हे असं चाललं तर लग्न मोडंल."

आणि माझ्या डोक्यात वीज चमकली. दोन वस्तू, एक बजेट. माझा फळाच कुणीतरी उचलून घरात आणून ठेवला होता!

"इर्शादचं यंत्र लावू," मी म्हणाले. "कुणाला तोंडाने मागायला नको. हावरं ठरायला नको. यंत्र सांगेल."

दादा म्हणाला, "मंजू, हा काय तुझा वर्ग न्हाई." पण दुसरा उपाय त्याच्याकडेही नव्हता. विट्याकडे फोन गेला. यंत्र सांगणार म्हटल्यावर त्यांनाही सुटल्यासारखं झालं असावं, कारण लगेच होकार आला.

तिसरा बस्ता गुगळे शेठच्या दुकानात. सकाळी अकरा वाजता, पांढऱ्या गादीवर. एका बाजूला दादा, मी, ओवी. समोर सुनंदाताई आणि त्यांना अगदी खेटून त्यांची नणंद शोभाताई, ज्यांचा शब्द त्या घरात शेवटचा. मल्हार दाराशी, दोन्ही बाजूंच्या मधे कुठंतरी. इर्शादने एक पट्टा ओवीच्या मनगटावर बांधला, दुसरा सुनंदाताईंच्या, आणि दोघींना चष्मे दिले.

"मला कशाला बाई, मला काहीही चालेल," सुनंदाताई म्हणाल्या.

"यंत्राला ऐकू येत नाही काकू," इर्शाद म्हणाला, आणि पहिल्यांदाच गादीवर जरा हशा झाला.

दहा मिनिटं जोड्या सरकत गेल्या. मग भिंतीवरच्या पडद्यावर सरळ रेघ आली, बजेटची. मग लाल ठिपके ओवीचे, निळे सुनंदाताईंचे. लाल रेघ खाली येऊन बजेटला टेकली. निळी रेघ आली आणि त्याच जागी टेकली. तीस हजारांचा शालू, नऊ हजारांची एकेक मानाची साडी. मागे-पुढे नाही, वर-खाली नाही. लाल रेघेवर निळी रेघ अशी बसली की दोन रेघा आहेत हेच दिसेना.

"जुळलं!" दादा जवळजवळ ओरडलाच. गुगळे शेठनी हात जोडले. शोभाताईंनी समाधानाने पदर सारखा केला. दुकानातल्या पोरी टाळ्या वाजवायला लागल्या. मल्हारने सुटकेचा निःश्वास टाकला तो मला लांबून ऐकू आला. इर्शाद तर बघतच राहिला होता, जगात असं कुठं झालं नव्हतं. शेठ नऊ हजारांच्या साड्यांचे ढीग काढायला सांगू लागले.

मी मात्र पडद्याकडे पुन्हा बघितलं.

मी सत्तावीस वर्षं पेपर तपासलेत. वर्गातल्या दोघांचे पेपर शब्दाला शब्द सारखे आले, तर बाईंना आनंद होत नाही. संशय येतो. जुळ्या बहिणींच्यासुद्धा आवडी अशा बसत नाहीत. एक बावीस-चोवीस... नाही, चुकले, ओवीला एकोणतिसावं लागलंय. एक अठ्ठावीस वर्षांची मुलगी आणि एक साठीला टेकलेली बाई, दोघींची रेघ एकच? इथं कुणीतरी कुणाचं तरी बघून लिहिलं होतं.

मी ओवीकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघतच नव्हती. ती सुनंदाताईंच्या चेहऱ्याकडे बघत होती. सुनंदाताई शोभाताईंच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

आता काय करावं? गप्प बसले तर लग्न होतंय, सगळे खूश, दादा मला आयुष्यभर दुवा देईल. बोलले आणि बिघडलं, तर भाचीचं लग्न मोडणारी आत्या म्हणून मीच. हात दाखवून अवलक्षण. पण ओवी ही साडी नेसून ज्या घरात जाणार होती तिथं तिला पुढची पन्नास वर्षं असंच दुसऱ्याच्या तोंडाकडं बघून जगायचं होतं. मीच आणलेल्या यंत्राने त्यावर शिक्का मारला असता.

"इर्शाद," मी म्हणाले, "परत घे."

"मॅडम?"

"मंजू, गप बस की गं," दादा दात आवळून म्हणाला.

"कॉपी झालीय दादा. मी शिक्षिका आहे, मला कळतं. इर्शाद, पेपर परत घ्यायचा. एकेकीला ट्रायल रूममध्ये एकटी बसवून. दार लावून."

शोभाताईंच्या भुवया वर गेल्या. "म्हंजे? आमची माणसं खोटं बोलली म्हणायचंय का तुम्हाला?"

"नाही ताई. यंत्राला फसवता येत नाही असं आम्हाला वाटलं होतं. ते फसलंय का, एवढंच बघायचंय. माझ्या विद्यार्थ्याच्या कामाचा प्रश्न आहे."

हे शेवटचं वाक्य ऐनवेळी सुचलं, आणि तेच कामाला आलं. विद्यार्थ्याच्या कामाला नाही कोण म्हणणार? सुनंदाताई उठल्या. उठताना त्यांनी नणंदेकडे पाहिलं आणि मग, कसं कोण जाणे, न थांबता आत गेल्या.

आधी ओवी बसून आली, मग त्या. वीस मिनिटं. दादा माझ्याशेजारून उठून लांब जाऊन बसला.  इर्शाद एकटाच छोट्या पडद्यावर बघत होता, आणि त्याचा चेहरा बदलत चालला होता. तो उठून माझ्याकडे आला आणि हळू आवाजात बोलला.

"मॅडम, मला वाटलं होतं भीड मनगटाच्या खाली असते. हात निघतो, मग भीड त्याला अडवते. तसं नाही. भीड वर, मेंदूतच आहे. समोर माणूस असला की आज्ञाच त्या माणसाची निघते. हात आपला, मागणं दुसऱ्याचं. हे कुणालाच माहीत नाही मॅडम. जगात कुणालाच!"

"रेघा वेगळ्या आल्या?"

"पार वेगळ्या."

मला नाचावंसं वाटलं. पण रेघा त्यांच्या होत्या, माझ्या नव्हत्या. मी दोघींना बाजूला घेतलं आणि सांगितलं, "तुम्ही नको म्हणालात तर हे आत्ता पुसून टाकू. नऊ हजारांच्या साड्या बांधू, चहा घेऊ, घरी जाऊ."

ओवीने सुनंदाताईंकडे पाहिलं. होणाऱ्या सासूपुढं ती काय बोलणार? सुनंदाताईंनी पट्ट्याचा वळ उठलेलं मनगट चोळलं.

"दाखवा," त्या म्हणाल्या.

मोठ्या पडद्यावर लाल रेघ आली. ती बजेटला टेकली तिथं शालू होता एक लाख वीस हजारांचा आणि मानाची साडी सहा हजारांची. ओवीने तोंड पदरात लपवलं. मग निळी रेघ आली आणि लाल रेघेच्याही पुढे निघून गेली. एक लाख पस्तीस हजारांचा शालू. मानाची साडी साडेपाच हजार.

 सासूला सुनेपेक्षा भारी शालू हवा होता. सुनेसाठी.

"वयनी, हे काय?" शोभाताई म्हणाल्या.

"माझ्या बस्त्यात, वन्सं," सुनंदाताई खाली बघून बोलू लागल्या, "मोरपंखी शालू होता. मी हातात घेतला होता. मग मानाच्या साड्या कमी पडल्या आणि तो गादीवरून उचलला. त्याच्या जागी साधी सिल्क आली. मी म्हटलं, मला काहीही चालंल. चौतीस वर्षं झाली. मला ते कधी चाललं न्हाई."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. ओवी गादीवरून सरकत सरकत गेली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसली. दादा दुसरीकडे तोंड फिरवून चष्मा पुसायला लागला.

पण लग्न अजून वाचलं नव्हतं. सगळे शोभाताईंकडे बघत होते. त्यांच्यासमोर त्यांच्या वहिनीने पहिल्यांदा नाही म्हटलं होतं, तेही परक्या दुकानात, व्याह्यांपुढं. त्या उठल्या असत्या तर सगळं उठलं असतं. दारातून मल्हार दोन पावलं आत आला.

शोभाताई उठल्या. पदर खोचला. आणि इर्शादपुढं मनगट धरलं.

"मला पण बांध. बघू तरी."

दहा मिनिटांनी त्या ट्रायल रूममधून आल्या तेव्हा इर्शादने पडदा दोनदा तपासला. "मॅडम, काहीतरी बिघडलंय. रेघ उलटी येतीय. खाली उतरायचं सोडून वर चाललीय."

मी बघितलं आणि मला हसू आवरेना. घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत मी दरवर्षी जूनमध्ये शिकवते. पहिला लाडू गोड, दुसरा बरा, पाचवा नको. आणि नको असताना वाढत राहिलं तर पाचव्यानंतर लाडू ही वस्तू राहत नाही, शिक्षा होते. "बिघडलेलं नाही रे. शोभाताईंना मानाची साडी नकोच आहे. मानाच्या साड्यांवरचा खर्च वाढला की त्यांचं समाधान कमी होतंय."

"मग?" शोभाताई म्हणाल्या. "बासष्ट साड्या पडल्यात माझ्या कपाटात मानाच्या. घडी मोडलेली न्हाई एकीची. प्रत्येकीला चिठ्ठी टाचून ठिवलीया, कुणी दिली ती. न्हाईतर चुकून तिलाच परत जायची. एकदा गेली होती. वर्षभर बोलली न्हाई ती माझ्याशी."

"मग वन्सं, तुम्ही मला कायम का म्हणायच्या की साडी हलकी नको?" सुनंदाताईंनी विचारलं.

"मला वाटायचं तुला पाहिजे. माहेरची माणसं बघत्यात म्हणून." शोभाताई मटकन खाली बसल्या. "आणि हलकी घेतली तर बाकीच्या काय म्हणतील? त्या तर माझ्याचकडं बघत्यात की."

म्हणजे ओवीने सुनंदाताईंचं बघून लिहिलं, सुनंदाताईंनी शोभाताईंचं, शोभाताईंनी त्या तीस जणींचं, आणि त्या तीस जणींनी शोभाताईंचं. सगळ्या वर्गाने कॉपी केली होती आणि मूळ पेपर कुणाचाच नव्हता. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, इथं तर ती चौतीस वर्षं सबंध घराचा बाजार करत होती.

पुढचा बस्ता अर्ध्या तासात बांधून झाला. एक लाख वीस हजारांचा शालू, डाळिंबी, ओवीने स्वतः बोट दाखवून घेतला. मानाच्या साड्या तीसऐवजी सात, ज्यांना खरोखर नेसायला हवी होती त्यांना. बाकीच्यांना खण-नारळ, आणि तसं सांगायची जबाबदारी शोभाताईंनी आपणहून घेतली. उरलेले पैसे ओवी-मल्हारच्या नावावर. आणि गुगळे शेठनी गाठोड्याला गाठ मारण्याआधी शोभाताईंनी दुकानाच्या कपाटातून एक मोरपंखी शालू काढायला सांगितला. "ह्यो वेगळा बांधा. बिल माझ्याकडं. वयनीचा हाय."

हे सगळं झाल्यावर इर्शाद माझ्याजवळ आला. त्याला काहीतरी सांगायचं होतं आणि सांगवत नव्हतं, बारावीत असतानासारखं.

"मॅडम, तुमची पहिली रेघ. चहा आणि भडंग."

"तिचं काय?"

"मी समोर बसलो होतो. तुमच्याकडं बघत."

मला कळायला एक क्षण लागला. मग कळलं. इतकी सुबक, इतकी गोलाई असलेली, पुस्तकातल्यासारखी रेघ. अर्थातच पुस्तकातल्यासारखी. माझ्या विद्यार्थ्याचं यंत्र बरोबर ठरावं म्हणून मी माझ्याच फळ्यावरून उतरवून काढली होती आणि वर तिच्याकडे बघून रडले होते.

"आण तो पट्टा," मी म्हणाले. "आणि तू लांब जा. अजून लांब."

मी ट्रायल रूममध्ये गेले, आरशाकडे पाठ केली आणि दार लावलं.  चहा, भडंग, कमी, जास्त. दहा मिनिटांनी बाहेर आले तर इर्शाद डोकं खाजवत होता.

"मॅडम, ही तर पुस्तकात बसत नाही."

रेघेला पोट नव्हतं. चहा आडव्या अक्षावर, भडंग उभ्या अक्षावर, आणि ती खांबासारखी सरळ उभी होती. त्याचा अर्थ मला खडू न घेताही कळत होता. चहा मला हवा होता. भडंग मूठभर द्या की पोतंभर द्या, मला काडीचा फरक पडत नव्हता. स्टाफरूममध्ये सगळे खातात म्हणून सत्तावीस वर्षं मी ते खात आले होते.

"छापून दे," मी म्हणाले. "जूनमध्ये फळ्यावर आधी हीच काढणार. आणि कुणी विचारलं, ही रेघ असते कुठं, तर त्याला उभं करणार नाही."

बाहेर शेठनी सगळ्यांसाठी चहा मागवला होता, सोबत परातभर भडंग. ओवी आणि सुनंदाताई एकाच बशीतून खात होत्या. शोभाताईंनी मोठ्या प्रेमाने एक बशी गच्च भरून माझ्यापुढे केली. मानाची पाहुणी होते ना मी.

"नको ताई," मी म्हणाले. "मला भडंग आवडत नाही."

त्यांनी बशी दादापुढे सरकवली आणि मला चहा दिला.